सोळा इंच

मंगळवार, ४ मार्च.
सकाळी धुकं, नऊनंतर ऊन. दुधाचं माप कमी वाटलं. पुन्हा मोजायला लावलं, बरोबर निघालं. गॅसची नळी बदलली. पाटेवाला गाडी बघून गेला, शनिवारी आणा म्हणाला. दोन इंच की तीन इंच, यावर जेवताना वाद. जेवणानंतर वही उघडली तेव्हा खुणेची फीत कालच्या पानावर नव्हती. अकरा फेब्रुवारीच्या पानावर होती.

एवढं लिहून काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि ते अकरा तारखेचं पान नाकाजवळ नेलं. हाताला लावायच्या मलमाचा वास येतो का ते बघितलं. आला नाही. पण वास न येणं हाही काही पुरावा नव्हे. भांडी घासून आलेल्या हातांना साबणाचाच वास येतो, आणि साबण घरात सगळ्यांचा एकच.

घरात माणसं तीन. त्यातल्या एक त्या स्वतः. दुसरा मुलगा, ज्याने शाळा सुटल्यापासून गाडीच्या माहितीपुस्तकाखेरीज कुठलंही पुस्तक आपणहून उघडलेलं नव्हतं. उरली सून. गणित सोपं होतं. सोप्या गणितांवर काकू एरवी विश्वास ठेवत नसत, या वेळी ठेवला.

गल्लीत त्यांना तपासणी-काकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू, पाठ फिरली की तपासणी-काकू. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भाजीवाला त्यांच्यासमोर तराजू दोनदा उचलून दाखवी. दूधवाला माप काठोकाठ भरून वर चार थेंब सांडी, म्हणजे बोलायला जागा नको. एकदा टपाल कचेरीतलं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हे त्यांनी लागोपाठ नऊ दिवसांच्या नोंदी पुढे ठेवून सिद्ध केलं होतं. तिथल्या कारकुनाने घड्याळ पुढे करण्याऐवजी काकूंना चहा पाजला. चहा पाणचट होता, अशी नोंद त्या दिवशीच्या पानावर आहे.

ही सवय शाळेतली. सिस्टरांनी लावलेली. दिवस मावळायच्या आत दिवस लिहून टाकायचा, खाडाखोड करायची नाही, चुकलंच तर खाली तांबड्या शाईने दुरुस्ती करून सही करायची. लग्न झालं, मूल झालं, घरं बदलली, वही सुटली नाही. नवरा हसायचा. म्हणायचा, यमदूत दारात आला तरी ही आधी त्याची वेळ टिपून घेईल आणि मगच चप्पल घालेल. यमदूत आला तो आधी नवऱ्यासाठी आला. वेळ वहीत आहे, सकाळचे सहा दहा. वर्षाला एक, अशा वह्या आता एक्केचाळीस झाल्या होत्या.

नवऱ्यामागे राहिल्या मधमाश्यांच्या बत्तीस पेट्या. टेकडीच्या वरच्या अंगाला, झुडपांच्या आडोशाला. तिथवरची वाट चाळीस मिनिटांची आणि नुसती दगडांची, म्हणून घरात ती जुनी पिकअप. दर गुरुवारी मुलगा गाडी काढी, काकू त्याच्या शेजारी बसत. वर पोचल्यावर तो जाळीची टोपी घालून एकेक पेटी उघडी आणि ओरडून सांगे. काकू सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून लिहीत: राणी दिसली, अंडी आहेत, चार चौकटी भरल्या, पायाशी मुंग्या. एकोणीस नंबरच्या पेटीतली राणी चिडकी आहे आणि सात नंबरच्या पेटीला सकाळचं ऊन मानवत नाही, हे कुठे लिहिलेलं असेल तर ते काकूंच्या वहीतच. गुरुवार हा काकूंचा दिवस. बाकीचे सहा दिवस म्हणजे गुरुवारच्या आधीचे नाहीतर नंतरचे.

नोव्हेंबरात त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरल्या आणि डावा गुडघा गेला. गुरुवार बंद झाले. काकूंच्या जागेवर सून बसून जाऊ लागली, आणि थोड्याच दिवसांत तिने बत्तीस पेट्यांचा तक्ता फोनमध्ये करून टाकला. रंगीत. काकूंना तो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, छान आहे. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज त्या पाणचट चहासाठी राखून ठेवलेला होता.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. फळ्या एकावर एक रचायच्या, भिंतीला हात न लावता चढायचं, आणि कितीवर चढलो ते रोज लिहायचं. सहा इंचांपासून सुरुवात झाली. सोळा इंच जमलं, की वरची मूठ धरून गाडीतही चढता येईल, मग मी अडवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जानेवारी संपेपर्यंत काकू तेरावर आल्या आणि तिथेच रुतल्या. तेरा, तेरा, बारा, तेरा. अकरा फेब्रुवारीला डॉक्टर शेवटचे आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, कुठवर मजल? काकूंनी वही उघडली, त्यांच्या देखत त्या दिवशीच्या पानावर लिहिलं: पायरी, सोळा इंच. डॉक्टरांनी आकडा वाचला, मान डोलावली आणि फळ्या रचायला सांगितलंच नाही. तपासणी-काकूंची वही कोण तपासणार?

एक्केचाळीस वह्यांमधला तो एकच खोटा आकडा. आणि फीत नेमकी त्याच पानावर.

तो आकडा लिहून काही साधलंही नव्हतं. पुढच्या गुरुवारी मुलाने गाडी दाराशी आणून उभी केली. काकूंनी दारातूनच गाडीच्या उंबऱ्याकडे बघितलं, एकवीस इंच, आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं. त्यापुढच्या गुरुवारी पाहुणे येणार होते. पाहुणे आले नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. रोज दुपारी सगळे बाहेर पडले की काकू फळ्या काढत, सोळा रचत, पाय उचलत आणि फळ्या पुन्हा पलंगाखाली सारत. सत्तावीस तारखेला मात्र गाडीच अडली. वाटेत एके ठिकाणी दगडाची एक कड उभी आली आहे. तिला मुलगा दाताड म्हणतो. पावसाने तिच्यापुढची माती वाहून नेल्यापासून दाताड जास्तच वर आलं होतं, त्यावर गाडीचं पोट आपटलं. मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला पोचा पडला, तेल गळत गळत गाडी कशीबशी घरी आली.

तेव्हा ठरलं की गाडी उचलून घ्यायची. म्हणजे नवे उंच स्प्रिंग आणि पाटे घालून तिचं धूड जमिनीपासून वर न्यायचं.

पाटेवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेल्या कारखान्याचा मालक, साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस. बोलायच्या आधी पान्याने डोकं खाजवायची त्याला सवय होती. त्याने तीन मार्ग सांगितले. जुन्याच स्प्रिंगवर लोखंडी ठोकळे बसवायचे, काम दोन तासांचं, पण गाडी दगडावर दगडासारखी आपटणार. नाहीतर पुढे नवे स्प्रिंग, मागे नवे पाटे, सगळीकडे नवे शॉकअप आणि उंची दोन इंच. किंवा तेच सगळं तीन इंचांचं. पण मग ब्रेकच्या नळ्या लांब घ्याव्या लागतील आणि इंजिनापासून मागे जाणाऱ्या दांड्याचा कोन सावरावा लागेल. त्याचं स्वतःचं मत दोनला होतं. मुलगा तीन म्हणत होता. सूनही तीन म्हणत होती, आणि काकूंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

सुनेला गाडीतलं काय कळतं? तिला आरशात बघून मागे घेता येत नाही. आणि तीन इंच म्हणजे एकवीसचे चोवीस.

तिने पान वाचलं. मग लक्षात आलं असेल की सोळा चढणारी बाई दोन गुरुवार सर्दी आणि पाहुणे सांगत नाही. मग काय करायचं? तोंडावर काही बोलायचं नाही. गाडीच उंच करायची. म्हातारी एक दिवस सगळ्यांसमोर पाय उचलेल, तो अर्ध्यावर राहील, आणि गुरुवार कायमचा फोनात जाईल, रंगीत तक्त्यात. काकूंनी हे सगळं असंच्या असं वहीत लिहिलं नाही. पण बुधवारी जेवताना पुन्हा वाद निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन पुरे. गाडी जितकी वर जाईल तितकी वळणावर कलते. ब्रेकच्या नळ्या ताणल्या तर उतारावर कोण जबाबदार?"

मुलगा घास हातात धरून बघत राहिला. त्याचं माहितीपुस्तक काकूंनी दुपारी वाचून काढलं होतं.

"आई, तीन लागतीलच," सून म्हणाली.

"का पण?"

"दाताडासाठी."

हे म्हणून तिने मुलाकडे बघितलं आणि मुलाने ताटाकडे. गुरुवारी शिवणाच्या टोपलीतली लोखंडी मोजपट्टी उलट्या बाजूला ठेवलेली सापडली. शुक्रवारी पाटेवाल्याचा फोन आला, तर मुलगा तो घेऊन गच्चीवर गेला. गच्चीवर कधी नव्हे ते त्याला काय काम? काकूंनी दोन्हीच्या वेळा टिपल्या.

शनिवारी त्या म्हणाल्या, मी कारखान्यात बसते, काम बघते. मुलगा म्हणाला, तिथे धूळ, आवाज, बसायला धड खुर्ची नाही. काकूंनी घडीची खुर्ची काखेत मारली, वही पिशवीत टाकली आणि चालू लागल्या.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर मापानुसार टांगलेले पाने. गाडी अजून चाकांवरच उभी होती, तिला वर धरायचे लोखंडी घोडे भिंतीपाशी मांडलेले. काकूंनी खुर्ची अशा ठिकाणी मांडली की दार, गाडी आणि पाटेवाल्याचे दोन्ही हात दिसतील.

त्याने कामाला हात घालायच्या आधीचं माप दाखवलं, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत. काकूंनी ते लिहून घेतलं, मग स्वतःच्या मोजपट्टीने पुन्हा मोजलं. पाव इंचाचा फरक आला. पुन्हा मोजलं, नाही आला. पाटेवाला शांतपणे डोकं खाजवत उभा होता.

मग गाडी घोड्यांवर चढली, चाकं निघाली, पुढचे जुने स्प्रिंग निघाले. नवे खोक्यातून बाहेर आले आणि शेजारी उभे केले तर जेमतेम बोटभर उंच. काकू म्हणाल्या, हे तीन इंच कुठे आहेत? तो म्हणाला, काकू, स्प्रिंग मोकळा असताना मोजायचा नसतो, गाडी डोक्यावर बसली की तो किती दबतो त्यावर सगळं. जुना दबतो, हा दबत नाही. काकूंनी लिहिलं: "असं तो म्हणतो." मग त्यांना खोक्यांवरचे आकडे दिसले. दोन्ही खोक्यांचे आकडे सारखे नव्हते, शेवटचं अक्षर वेगळं होतं. आता सापडला, असं त्यांना वाटलं. कुठल्या तरी दोन गाड्यांची उरलीसुरली जोडी माथी मारतोय.

"डावं-उजवं वेगळं का?"

"चालकाच्या बाजूला चालक बसतो, टाकीही तिकडेच. त्या बाजूचा थोडा उंच देतात. नाहीतर गाडी एका कुशीवर चालते." त्याने पाना खाली ठेवला. "तुम्ही नाही का एका बाजूला बसलायत. डावा गुडघा वाचवून."

काकू ताबडतोब सरळ बसल्या. याला गुडघ्याचं कोणी सांगितलं? नुसतं बघून कळलं म्हणावं, तर माणूस फारच हुशार. घरून कळलं म्हणावं, तर कटात सामील.

मागचे पाटे चढले. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, नव्या, काळ्याभोर. त्यांच्या टोकांचे बोल्ट त्याने लावले आणि ढिलेच सोडून तो पुढे गेला. काकूंनी खुर्चीवरून उठून एक बोल्ट बोटांनी हलवून बघितला. हलला. त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिली की मगच ते आवळायचे. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि महिन्याभरात फाटतं. हे इतकं पटण्यासारखं होतं की काकूंचा संशय आणखी वाढला. चाकं चढली, गाडी खाली उतरली, त्याने ती चार वेळा मागेपुढे ढकलली आणि मग खरोखरच एकेक बोल्ट आवळला. काकूंनी मोजले. सोळा होते. नेमका हाच आकडा यावा याचा त्यांना राग आला.

माप घेतलं. चारी चाकांवर तीन इंच, चालकाच्या बाजूला दोऱ्याएवढं जास्त. दाराच्या उंबऱ्यापासून जमीन: चोवीस.

पाटेवाला हात धुवायला मागे गेला. जाता जाता त्याने बाकाखालचं एक पोत्यात गुंडाळलेलं लांबट धूड पायाने आणखी आत सारलं. ते पायाने सारणं काकूंना दिसलं. नळाचा आवाज सुरू होईपर्यंत त्या थांबल्या. मग वाकल्या आणि पोतं बाजूला केलं.

जुना काढून घेतलेला भाग असेल, त्यांच्याच गाडीतला, चोरून ठेवलेला, अशी त्यांची खात्री होती. होती एक लोखंडी पायरी. गाडीच्या दाराखाली बसवायची, हातभर लांब, वर खरखरीत पत्रा, म्हणजे पाय घसरू नये. कडा तासून गोल केलेल्या. आणि त्यावर खडूने लिहिलं होतं: जमिनीपासून १६. काकू चढतात.

काकू खुर्चीवर येऊन बसल्या.

म्हणून तीन इंच. पायरी आठ इंच खाली लोंबणार, ती उंचीतला थोडा भाग खाणार. दोन इंचांवर ती पंधरावर येऊन दाताडाला आपटली असती. म्हणून गच्ची, म्हणून मोजपट्टी. सुनेने पान उघडलं ते खोटं पकडायला नव्हे. तिला आकडा हवा होता. वहीत होता म्हणजे तो खराच, असं धरून तिने तो पाटेवाल्याला दिला आणि त्याने त्या आकड्यावर लोखंड कापलं.

पकडलं गेल्यापेक्षा हे अवघड होतं. पकडलं असतं तर भांडता आलं असतं.

त्यांनी सुटकेची वाट शोधली. अजून वेळ होता. गुडघा पुन्हा दुखतोय म्हणावं, आता नकोच वर जायला म्हणावं, मधमाश्या तशाही जास्त डसायला लागल्यात. वही शाबूत राहील, आकडा शाबूत राहील. जाईल तो फक्त गुरुवार. काकूंनी डाव्या तळहाताने गुडघा दाबून धरला आणि पाटेवाला हात पुसत आला तेव्हा विचारलं, "ती पायरी तेरावर नाही का घेता येणार?"

त्याने पोत्याकडे बघितलं. चोरी उघडी पडल्याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "तेरावर दाताड तिला मुळासकट उपटेल. सोळाच्या खाली जागा नाही." मग तो म्हणाला, "पण तुम्ही सोळा चढता ना?"

याच्याइतक्या सरळपणे काकूंना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत त्यांचीच होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

चार वाजता मुलगा आणि सून आले. पायरी तोवर बोल्टांनी बसली होती. मुलगा एवढा खूश होता की त्याला काही दिसलं नाही. तो म्हणाला, आई, चढून बघ. सुनेचं लक्ष मात्र काकूंच्या पायाकडे होतं. काकू पायरीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"तेरा," त्या म्हणाल्या. "मी तेरा चढते. सोळा मी डॉक्टरांसाठी लिहिलं होतं."

मुलाला आधी कळलंच नाही. त्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "तुमच्या वहीत होतं, आई."

"वहीत होतं. आणि वही कोणी उघडली?"

"मी उघडली. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मला नको पायरीबियरी, मी काय म्हातारी झालेय."

असं काकू म्हणाल्या असत्या, शब्दाशब्दाने. म्हणून त्यांनी दुसरंच विचारलं, "आणि फोनमधला तक्ता?"

"ती वहीची नक्कल आहे. वही भिजली तर."

"माझी वही एक्केचाळीस वर्षांत भिजलेली नाही."

"आकडाही चुकला नव्हता," सून म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं. काकूंना आलं नाही. तक्त्याबद्दलचं उत्तर त्यांना अर्धंच पटलं होतं, उरलेलं अर्धं त्या गुरुवारी स्वतः बघणार होत्या.

पाटेवाल्याने एवढ्या वेळात कोपऱ्यातली एक लाकडी पेटी मोजली, दोन फळ्या ठोकून ती पायरीच्या पुढ्यात ठेवली. "चोवीस भागिले तीन," तो म्हणाला. "आठ, आठ, आठ. घरी एवढ्या उंचीचं काहीतरी असेलच की."

काकूंनी वरची मूठ धरली. पेटी, पायरी, उंबरा. बसल्यावर त्यांनी आधी डाव्या बाजूला बघितलं, मग उजव्या. गाडी चालकाच्या बाजूला दोऱ्याएवढी वर होती. मुलगा येऊन स्टिअरिंगपाशी बसला तेव्हा ती बरोबर सपाट झाली. पाटेवाला दारातून बघत होता. तो हसत नव्हता, हे काकूंनी नीट तपासलं. बसल्या जागेवरून दारातून आवाराच्या भिंतीपलीकडची गल्ली दिसत होती. पूर्वी नुसती भिंत दिसायची.

घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात गेली आणि मोजपट्टीचा आवाज आला. काकूंनी वही काढली, अकरा फेब्रुवारीचं पान उघडलं, तांबड्या शाईचं पेन दोनदा झटकलं आणि आकड्याखाली लिहिलं: चूक. तेरा. खाली सही केली, आजची तारीख घातली. फीत उचलून आजच्या पानावर ठेवली आणि तिच्या टोकाची लांबी पानाच्या कडेला पेन्सिलीने खूण करून ठेवली, म्हणजे कोणी हलवली तर कळेल. मग त्या दिवसाची नोंद केली, आणि शेवटची ओळ अशी लिहिली:

स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल बरोबर आठ इंच आहे. ते आता गाडीत राहील, वरच्या फळीवरचे डबे काढायला दुसरं आणायला हवं.